सिन्नर-येवला पट्ट्याचे जुने टोपोशीट कुठे मिळतील, आणि त्यावरचा ओढा ओळखायचा कसा?

पूर्वभाग_सिन्नर

नमस्कार मंडळी. सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागातलं आमचं गाव, म्हणजे पाऊस आला तर आला नाहीतर टँकर. गावातली आम्ही काही पोरं आणि दोन-तीन जाणती माणसं मिळून यंदा उन्हाळ्यात ओढे-नाले मोकळे करायचं आणि छोटे बांध घालायचं काम काढतोय. अडचण अशी की निम्मे ओढे आता जागेवर दिसतच नाहीत. कोणी जेसीबी लावून सपाटी केली, कोणी दोन वावरं एक केली, कोणी बांध सरकवला, आणि आता तिथं कांदा नाहीतर सोयाबीन उभं असतं. पण जोराचा पाऊस झाला की पाणी बरोबर त्याच जुन्या वाटेनं येतं आणि कोणाच्या तरी कांद्याच्या चाळीत शिरतं, मग भांडणं. म्हातारी माणसं हात दाखवून सांगतात की इथून ओहोळ होता, त्या बाभळीपासून खाली जायचा, पण दोघांचं सांगणं जुळत नाही आणि ज्याचं वावर आहे तो म्हणतो की इथं ओढा कधी नव्हताच.

कोणीतरी म्हणालं की सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने टोपोशीट, म्हणजे ओढे, वाटा, उंचसखलपणा दाखवणारे सरकारी नकाशे बघा, त्यात सगळं असतं. तर विचारायचं असं की आमच्या भागाचा शीट नंबर कोणता, जुन्यात जुनं शीट कुठं मिळेल, फुकट मिळतं का विकत, मोबाईलवर जीपीएस लावून त्या नकाशावर उभं राहता येईल का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा नकाशा दाखवून समोरच्याला पटवता येईल का. क्यूजीआयएस हे संगणकावरचं नकाशांचं सॉफ्टवेअर मी थोडं थोडं शिकलोय, लेयर लावता येतात, त्यापुढं फार नाही.

मोजणी_निवृत्त

दादा, काम चांगलं काढलंत. नोकरीत शीट हाताळण्यात आयुष्य गेलं म्हणून आधी नंबराचं सांगतो, कारण नंबर कळला की अर्धं काम झालं.

सगळा देश ४ अंश बाय ४ अंशांच्या मोठ्या चौकटींत वाटलाय. आपल्याकडे दोन लागतात, ४६ आणि ४७. २० अंश अक्षांशाच्या वर ४६, खाली ४७. त्या एकेका चौकटीचे १ अंशाचे १६ तुकडे, ए पासून पी पर्यंत, आणि अक्षरं वरून खाली जातात, डावीकडून उजवीकडे नाही, इथं नवीन माणूस हमखास गोंधळतो. मग त्या प्रत्येक तुकड्याचे पुन्हा १६ भाग, १५ मिनिटं बाय १५ मिनिटं, तेही वरून खाली मोजत. हाच आपला नेहमीचा १:५०,००० चा टोपोशीट. सिन्नर गाव बरोबर ७४ अंश रेखांशाला टेकलेलं आहे, म्हणून गावाच्या पश्चिमेला ४७ ई/१३ आणि पूर्वेला ४७ आय/१. मुसळगाव, वडांगळी हा भाग ४७ आय/१ मध्ये धरा. निफाड-लासलगावकडे गेलात की २० अंश ओलांडला, तिथं ४६ एल/४, आणि येवला ४६ एल/८. नाशिक शहर तर २० अंशाच्या रेषेवरच बसलंय, त्यामुळे शहराचा नकाशा बघायचा तर दोन शीट जोडावी लागतात.

मेट्रिक पद्धत येण्याआधी हीच शीट एक इंचाला एक मैल या मापात असायची, म्हणजे १:६३,३६०. पण चौकट तीच, नंबर तोच. म्हणून ४७ आय/१ म्हणून मागितलं की जुनं इंचाचं आणि नंतरचं ५० हजाराचं दोन्ही एकाच जमिनीचं असतं, एकावर एक ठेवता येतं. ही मोठी सोय आहे.

२००५ च्या नकाशा धोरणानंतर दोन मालिका झाल्या, एक संरक्षण दलासाठी आणि एक सगळ्यांसाठी खुली. खुल्या मालिकेचे नंबर वेगळे आहेत, ते ई ४३ किंवा एफ ४३ ने सुरू होतात, पुन्हा २० अंशाचीच वाटणी. ही खुली शीटं २०१७ पासून सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून पीडीएफमध्ये उतरवता येतात. लष्करी वगैरे तपशील त्यात गाळलेला असतो पण ओढे, विहिरी, तळी, पायवाटा हे सगळं असतं, तुम्हाला तेच पाहिजे. जुन्या कागदी शीटसाठी त्यांच्या पुण्याच्या कार्यालयात विचारा.

आणि एक, शीट हातात आल्यावर पहिली नजर समासावर टाका. छपाईचं वर्ष वेगळं आणि प्रत्यक्ष सर्वेक्षणाचं वर्ष वेगळं. छापलेलं असेल नंतरचं, पण माणूस साखळी-प्लेन टेबल घेऊन तुमच्या शिवारात त्याच्या कितीतरी आधी फिरलेला असतो. तुम्हाला ओढा कधी होता हे सांगायचं आहे ना, मग सर्वेक्षणाचं वर्षच धरायचं.

गोदाकाठ_निफाड

वरच्या काकांनी छान सांगितलं. आमच्याकडे ४६ एल/४ वर मी बराच वेळ घालवलाय कारण मला गोदावरीचं पाणी कसं बदललं ते बघायचं होतं. नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, त्याच्यामागं गाळ साचत गेला आणि पाणथळ तयार झालं, तेच पुढं पक्ष्यांचं अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालं. वेगवेगळ्या काळातली शीटं शेजारी ठेवली की नदीतली बेटं आणि काठ कसे सरकलेत ते डोळ्यांनी दिसतं. पालखेडचा डावा कालवा येवल्याकडे जातो, तो जुन्या सर्वेक्षणात नाहीच, मग नंतरच्या शीटवर एकदम निळी रेघ उगवते आणि तिच्या खालच्या अंगाला पिवळा रंग पसरतो. आता तर गूगलवर बघितलं तर जिकडं तिकडं शेततळ्यांचे निळे-काळे चौकोन, प्लास्टिक अंथरलेले, ते कुठल्याच जुन्या नकाशावर नाहीत.

मला वाटतं तुमच्या गावात भांडण आहे तर सरळ टोपोशीटची प्रिंट काढा, लॅमिनेट करा आणि ग्रामसभेत लावा. सरकारी नकाशा आहे, त्यावर ओढा दिसतोय म्हटल्यावर समोरचा काय बोलणार? आमच्याकडं शिवरस्त्याचं पण असंच अडलंय, मी तर तेच करणार आहे.

भूमी_अभिलेख_वाचक

गोदाकाठ भाऊ, तुमचं प्रेम कळतं पण इथं थांबा, नाहीतर चांगल्या कामाला खोडा बसेल. टोपोशीट हे हद्दीचं कागदपत्र नाही. १:५०,००० वर कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. पेन्सिलीच्या रेघेची जाडी पाव मिलिमीटर धरली तरी बारा-साडेबारा मीटर झाले, तेवढ्यात दोन माणसांची भांडणं मावतात. ओढा या बांधाच्या अलीकडं की पलीकडं हे टोपोशीट सांगूच शकत नाही, आणि समोरच्यानं वकील दिला तर पहिल्याच तारखेला हे निघेल.

हद्दीसाठी गाव नकाशा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात नकलेचा अर्ज करा आणि दोन्ही मागा, एकत्रीकरणानंतरचा गट नंबरचा नकाशा आणि त्याच्या आधीचा सर्व्हे नंबरचा जुना नकाशा. एकत्रीकरण योजना १९४७ च्या कायद्यानं आली, त्यात सर्व्हे नंबर जाऊन गट पडले, आणि ओढ्याचा तपशील बऱ्याचदा आधीच्या नकाशात जास्त नीट दिसतो. त्या नकाशाचं मूळ आणखी मागं जातं, गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ मध्ये इंदापूरपासून जी मोजणी सुरू केली तीच पद्धत पुढं सगळ्या मुंबई इलाख्यात आली. ३३ फुटी साखळी, आणि साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा. अजूनही आपण त्याच हिशोबात बोलतो.

गाव नकाशात दोन तुटक रेषा म्हणजे गाडीवाट, एक तुटक रेषा म्हणजे पाऊलवाट. रस्ता अडवला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५, बांधावरून नवीन रस्ता मागायचा असेल तर महसूल अधिनियम १९६६ चं कलम १४३, दोन्ही अर्ज तहसीलदारांकडेच जातात पण दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, एकात दुसरी घुसडू नका.

ओढ्याच्या बाबतीत सातबारावर पोटखराबा, म्हणजे लागवडीखाली न धरलेलं क्षेत्र, नक्की बघा. वर्ग अ म्हणजे खडक, खाचखळगे, शेतकऱ्याचीच पण पिकाला नालायक जमीन. वर्ग ब म्हणजे रस्ता, ओढा, कालवा, तळं असं सार्वजनिक उपयोगाकडे गेलेलं क्षेत्र. ज्या गटातून ओढा जात होता असं म्हातारे सांगतात, त्या गटाला वर्ग ब मध्ये काही गुंठे दिसले तर तुमचं म्हणणं एकदम वजनदार होतं. टोपोशीट, गाव नकाशा, पोटखराबा ही तीन एकत्र ठेवली की मगच ग्रामसभेत बसा. आणि शक्यतो ज्याचं वावर आहे त्याला आधी घरी जाऊन दाखवा, चारचौघांत नको, माणूस चिडला की कागद बघत नाही.

जुने_नकाशे_नाशिक

जीपीएस आणि क्यूजीआयएसचं मी सांगते. शीट स्कॅन असेल तर जिओरेफरन्स करणं, म्हणजे नकाशा खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवणं, सोपं आहे कारण चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश छापलेले असतात. ४७ आय/१ चे कोपरे १९ अंश ४५ मिनिटं ते २० अंश आणि ७४ अंश ते ७४ अंश १५ मिनिटं. कोपऱ्यांशिवाय मध्ये ५-५ मिनिटांच्या खुणा असतात, त्या पण घ्या, कागद कुठंतरी ताणलेला-आकसलेला असतोच.

पण इथं एक खड्डा आहे आणि बहुतेक जण त्यात पडतात. जुनी शीटं एव्हरेस्टच्या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीचा आकार धरायच्या जुन्या मापावर, काढलेली आहेत, १८०२ मध्ये लॅम्बटननं सुरू केलेल्या आणि पुढं एव्हरेस्टनं नेलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा हा वारसा, आणि तुमचा मोबाईल डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापावर चालतो. कोपऱ्याचे आकडे तसेच डब्ल्यूजीएस म्हणून टाकले तर आपल्या भागात सगळा नकाशा शंभर-सव्वाशे मीटर सरकतो. शंभर मीटर म्हणजे ओढा थेट शेजाऱ्याच्या वावरात! म्हणून क्यूजीआयएसमध्ये आधी कलियाणपूर १९७५ ही प्रणाली निवडा, कोड ईपीएसजी ४१४६, मग तिथून डब्ल्यूजीएसला बदला. झाल्यावर न हलणारी जागा तपासा, सिन्नरला गोंदेश्वराचं देऊळ आहे, जुन्या रेल्वे लाईनीचे पूल आहेत, जुने घाट आहेत. रस्त्याचा चौक घेऊ नका, चौक रुंद होताना सरकतात. खुल्या मालिकेची शीटं मुळातच डब्ल्यूजीएस ८४ वर आहेत, तिथं हा प्रश्न येत नाही.

जुनं फुकट बघायचं तर अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागानं १९५० च्या दशकात भारताची १:२,५०,००० ची मालिका छापली होती, यू ५०२ नावाची, टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं ती स्कॅन करून ठेवलीय. पण त्या मापावर तुमचा ओहोळ नाही दिसणार, देवनदी आणि दारणा दिसतील फार तर. तुमच्या कामाला माझ्या मते सगळ्यात भारी चीज म्हणजे कोरोना उपग्रहाचे फोटो. हेरगिरीचा अमेरिकन उपग्रह, १९६० ते १९७२ मधले फोटो, १९९५ मध्ये खुले झाले. शेवटच्या कॅमेऱ्यांचे फोटो दोन मीटरच्या आसपास बारकावा देतात, म्हणजे बांध, विहीर, झाडांची रांग वेगवेगळी ओळखू येते. यूएसजीएस म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अर्थ एक्सप्लोरर या साइटवर आपल्या भागावर चौकोन काढून शोधा, आधी कोणी स्कॅन करून घेतलेली पट्टी असेल तर फुकट उतरते. ७२ च्या दुष्काळाआधीचं तुमचं शिवार, म्हणजे रोजगार हमीचे पाझर तलाव पडायच्या आधीचं आणि ट्रॅक्टरची सपाटी यायच्या कितीतरी आधीचं. नकाशात कोणीतरी ठरवून काय काढायचं काय गाळायचं ते केलेलं असतं, फोटोत तसं नाही, ओढ्याच्या काठची झाडी जशी होती तशी काळी पट्टी म्हणून दिसते.

कॅन्ससमधला_सिन्नरकर

मी मूळचा सिन्नरचा, सध्या अमेरिकेत कॅन्ससमध्ये आहे, हा धागा वाचून राहवलं नाही. इकडचा पश्चिम भाग म्हणजे हाय प्लेन्स, उंचावरचं सपाट शेतीचं रान, पाऊस कमी, वारा जास्त, आपल्या पूर्व भागासारखीच आभाळाकडं बघणारी माणसं. इकडच्या जुन्या टोपो नकाशांचं मला वेड लागलंय. यूएसजीएसनं १८८० च्या दशकापासून काढलेले पावणेदोन लाखांहून जास्त जुने नकाशे स्कॅन करून टोपोव्ह्यू नावाच्या साइटवर ठेवलेत, कोणीही उतरवा, कुठलं ओळखपत्र नाही, जिओरेफरन्स करूनच मिळतात. एकाच गावाचे १८९० चे, मग मधले, मग १:२४,००० चे असे थर लावून बघता येतात.

इकडचा नकाशा उघडला की पहिली गोष्ट दिसते ती म्हणजे चौकोन. १७८५ च्या कायद्यानं सगळी जमीन एक मैल बाय एक मैल अशा तुकड्यांत कापली, एक तुकडा ६४० एकरांचा, आणि १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं त्याचा चौथा हिस्सा, १६० एकर, एका कुटुंबाला. रस्ते सरळ रेषेत, ओढा आडवा आला तरी रस्ता सरळच. आपल्याकडं उलटं, आपल्या वाटा पाण्याच्या आणि बांधाच्या कलानं वळत गेल्या, त्यामुळं आपल्या जुन्या शीटवरची गाडीवाट कुठं अचानक वाकडी होते ते बघा, बऱ्याचदा तिथं ओढ्याचा उतार असतो. हे तुमच्या उपयोगाचं आहे म्हणून सांगतोय.

आणि दुसरं. इकडच्या जुन्या शीटांवर ठिकठिकाणी पवनचक्की लिहिलेलं असतं, जनावरांना पाणी काढायची. नंतर जमिनीखालच्या ओगलाला जलधरातून मोटरीनं उपसा सुरू झाला, १९५२ मध्ये गोल फिरणाऱ्या तुषार यंत्राचं पेटंट निघालं, आणि आता वरून बघितलं तर चौकोनात बसवलेली हिरवी वर्तुळं. पाणी खाली खाली गेलं. पश्चिम कॅन्ससमध्ये आर्कान्सॉ नदी जुन्या नकाशावर ठसठशीत निळी आहे, आज गार्डन सिटीच्या पुलावर उभं राहिलं तर बहुतेक वेळा वाळूच दिसते. नकाशे सगळ्यांसाठी मोकळे असल्यामुळं इथला साधा शेतकरी पण ही तुलना करू शकतो. आपल्याकडची सगळी जुनी शीटं, अगदी इंचाच्या मापाची, अशीच एका जागी मोकळी मिळायला हवीत असं मला फार मनापासून वाटतं. दुष्काळी तालुक्याला त्याची जास्त गरज आहे.

पूर्वभाग_सिन्नर

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. भूमी अभिलेख वाचक सरांचं पटलं, आधी नकलांचा अर्ज करतो आणि सातबारे काढतो, पोटखराबा वर्ग ब हे आम्हाला कोणालाच सुचलं नव्हतं. खुल्या मालिकेतलं शीट मी काल उतरवलं. त्यात आमच्या शिवारात काळ्या रेघा आहेत पण निळी एकपण नाही, मग त्या ओढ्याच्या समजायच्या का वाटेच्या? आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, आमच्या गावात जवळजवळ नाहीतच, दोनच आहेत, त्यावरून उतार कसा काढू? काही ठिकाणी आकड्यापुढं इंग्रजी आर लिहिलंय ते काय?

मोजणी_निवृत्त

काळी रेघ म्हणजे कोरडा ओढा. बारमाही पाणी असेल तरच निळी. तुमच्या भागात निळी कुठून दिसणार दादा. वाट बहुतेक तुटक असते आणि दोन वस्त्यांना जोडते. ओढ्याची रेघ नागमोडी, वरच्या टोकाला बारीक, खाली जाताना दुसऱ्या रेघा येऊन मिळतात, आणि मिळताना कोन नेहमी उताराकडे टोक करून असतो. मोठ्या ओढ्याला दोन काठ वेगळे दाखवलेले असतात.

आर म्हणजे सापेक्ष उंची किंवा खोली. ओढ्याच्या काठाशी ३ आर असेल तर काठ तळापासून ३ मीटर उंच. हा आकडा तुमच्यासाठी सोनं आहे. तीन मीटर खोल ओढा तिथं मोजलेला आहे म्हणजे "इथं नुसती ओल यायची" असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही, तो पक्का ओढा होता. फक्त जुन्या इंचाच्या शीटवर हे आकडे फुटांत असतात, समासात एकक बघून घ्या.

समोच्च रेषांचं म्हणाल तर ५० हजाराच्या शीटवर दोन रेषांत २० मीटरचा फरक असतो, सपाट रानात दोन-तीन किलोमीटरमध्ये एखादीच येणार. रेषा कमी म्हणून निराश होऊ नका, जी आहे ती कुठं आत वाकते ते बघा. रेष जिथं चढाच्या दिशेनं आत घुसते तिथं पाण्याची वाट, हे कधी चुकत नाही. विहिरींच्या खुणा पण बघा, जुन्या विहिरी बहुधा ओढ्याच्या कडेनं रांगेत असतात, रेघ पुसली गेली तरी रांग राहते.

जुने_नकाशे_नाशिक

काकांच्या बोलण्यात एक भर. उतारासाठी अंतराळातून मोजलेलं ३० मीटरचं उंचीचं मॉडेल फुकट मिळतं, अमेरिकेचं एसआरटीएम किंवा आपल्या कार्टोसॅट उपग्रहाचं, इस्रोच्या भुवन साइटवर. क्यूजीआयएसमध्ये त्यातून पाण्याच्या वाटा काढता येतात. ती रेघ आणि शीटवरची काळी रेघ जिथं जुळते तिथं नि:शंक काम करा. जिथं जुळत नाही तिथं सपाटी झालेली असण्याची शक्यता जास्त, ती ठिकाणं वेगळी काढून त्यांच्यावरच म्हाताऱ्यांना घेऊन फिरा, सगळं शिवार तुडवत बसायची गरज नाही. फिरताना मोबाईलवर नकाशा टाकून न्या आणि ते जिथं उभे राहून सांगतील तिथला बिंदू घ्या, नाव पण लिहा, ओहोळाचं, वावराचं, विहिरीचं. टोपोशीटवर गावांची नावं आहेत पण वावरांची नाहीत, ती फक्त त्यांच्याकडे आहेत.

देवनदीच्या खोऱ्यात असाल तर तिथले ब्रिटिशकालीन वळण बंधारे आणि त्यांचे पाटही शीटवर शोधा. पाट समोच्च रेषेला जवळजवळ समांतर जातो, ओढा तिला कापत जातो, यावरून दोन्ही लगेच वेगळे ओळखू येतात. पाट बुजलेला सापडला तर त्याचं काम ओढ्याच्या आधी घ्या, कारण ते पाणी उतारानंच येतं, मोटर लागत नाही.